वाचनालयाच्या सर्व्हरच्या नोंदी : परळ, मे–जून २०२५

गुरुवार, १ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. सकाळी वाचनालयात काकांबरोबर बसले. हिंदमाता चौकापासून चालत पाच-सात मिनिटं, तळमजला. यादीचा कॉम्प्युटर देवघेवीच्या टेबलाखाली दोन विटांवर ठेवलाय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा इथे कपाटांचे खालचे दोन खण पाण्यात गेले होते. भिंतीवर त्याची रेघ काकांनी पेन्सिलीने काढून ठेवलीये, रंगकाम झालं की पुन्हा काढतात. ती रेघ विटांच्या बरीच वर आहे.

काका म्हणाले, "अगं, पुस्तकं उचलून वरच्या खणात ठेवता येतात. ही यादी कुठे उचलून ठेवू?"

यादी म्हणजे सुमारे चौदा हजार पुस्तकं, सभासदांची नोंद आणि देवघेव. हे सगळं त्या एका डब्यात. प्रत एका पेन ड्राइव्हवर आहे, पण तो पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असतो.

ठरलं : यादी भाड्याच्या सर्व्हरवर न्यायची. मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो. ५ जूनपर्यंत काम पुरं करायचं. मी ऑफिसात रोज दुसऱ्यांनी उभ्या केलेल्या सर्व्हरवर टेस्टिंग करते. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः उभा करण्याची माझी ही पहिलीच वेळ. म्हणून या नोंदी, आणि काकांना वाचता याव्यात म्हणून मराठीत.

शनिवार, ३ मे

सर्व्हर कुठे घ्यायचा हा पहिला प्रश्न. अॅमेझॉन वेब सर्व्हिसेसचा मुंबई विभाग २०१६ पासून चालू आहे. अमेरिकेतला व्हर्जिनिया विभाग थोडा स्वस्त पडतो, म्हणून घरून, मुलुंडहून, दोन्हीकडे पिंग करून, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते, बघितलं. मुंबईचं उत्तर दहा मिलिसेकंदांच्या आत आलं, व्हर्जिनियाचं दोनशेच्या वर. हे कुणाच्या कारभारावर अवलंबून नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. व्हर्जिनिया सरळ रेषेत सुमारे १३,००० किलोमीटर लांब आहे, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद तर नुसते वाटेतच जाणार, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, टाइप केलेलं प्रत्येक अक्षर तिकडे जाऊन परत आल्यावर पडद्यावर दिसतं. काकांसारख्या एकेक कळ बघून दाबणाऱ्या माणसाला तो अडखळा फार जाणवेल. मुंबईच घेतलं.

घेतलेलं सामान : टी३ मायक्रो, दोन व्हर्च्युअल सीपीयू, १ जीबी मेमरी, २० जीबीची डिस्क. त्यावर उबुंटू २४.०४ ही ऑपरेटिंग सिस्टम, कारण ती दीर्घ मुदतीची आहे आणि २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. खर्चाची मर्यादा ओलांडली तर मेल यावा म्हणून बजेटची सूचना सर्व्हरच्याही आधी लावली. पैसे वर्गणीचे आहेत.

रविवार, ४ मे

आज किल्ली आणि दार.

सर्व्हरवर लांबून जायचं ते एसएसएचने. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये हे लिहिलं. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी जाता-येता पासवर्ड टिपत होतं, म्हणून. त्याआधीच्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघडाच जायचा. एसएसएचचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक, २२ : फाइली पाठवणाऱ्या एफटीपीच्या २१ आणि टेलनेटच्या २३ यांच्या मधलं. आपण वापरतो ते ओपनएसएसएच १९९९ चं, ओपनबीएसडीच्या मंडळींचं.

लॅपटॉपवर किल्ल्यांची जोडी बनवली, ईडी२५५१९ जातीची. खाजगी किल्ली माझ्याकडे राहते आणि सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर जाते. खाजगी किल्लीला सांकेतिक वाक्य लावलं, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी नुसत्या फाइलने दार उघडणार नाही.

मग जोडायला गेले आणि तीन वेळा अडले. तिन्ही चुका वेगळ्या होत्या, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्यांदा काहीच नाही. कर्सर लुकलुकत राहिला आणि दोनेक मिनिटांनी "कनेक्शन टाइम्ड आउट". याचा अर्थ माझी हाक सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे सर्व्हरभोवतीच्या कुंपणात, मी फक्त घरच्या आयपी पत्त्याला परवानगी दिली होती, आणि मधल्या वेळात लाइट जाऊन राउटर पुन्हा चालू झाल्यामुळे घरचा पत्ता बदलला होता. नवा पत्ता घातला.

दुसऱ्यांदा "परमिशन डिनाइड, पब्लिक की". म्हणजे हाक पोचली, दारात कुणीतरी आहे, पण मला ओळखत नाही. मी चुकीच्या नावाने जात होते. अॅमेझॉनवरच्या उबुंटूत नाव "उबुंटू" असतं.

तिसऱ्यांदा लॅपटॉपनेच अडवलं : खाजगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येतेय, असली किल्ली मी वापरणार नाही. किल्ली पेन ड्राइव्हवरून परत लॅपटॉपवर कॉपी केली होती, तेव्हा परवानग्या सैल झाल्या होत्या. सीएचमॉड ६०० केलं, म्हणजे फाइल फक्त मालकालाच वाचता येईल असं केलं, आणि आत गेले.

एक चौथाही प्रकार असतो, "कनेक्शन रिफ्यूज्ड". यंत्रापर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही. टाइम्ड आउट म्हणजे कुंपणाबाहेर, रिफ्यूज्ड म्हणजे दारापाशी पण घरात कुणी नाही, डिनाइड म्हणजे घरात माणूस आहे पण किल्ली चुकली. हे तीन शब्द नीट वाचले तर निम्मी शोधाशोध वाचते. काकांच्या कागदावर हे सगळ्यांत वर लिहिणार.

आणखी एक. पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपला ठसा दाखवतो आणि "हाच ना?" असं विचारतो. बहुतेक लोक न बघता "येस" टाइप करतात. मीही ऑफिसात करत आले. आज अॅमेझॉनच्या कन्सोलमध्ये सर्व्हरचा सुरुवातीचा लॉग उघडला. त्यात तोच ठसा छापलेला असतो. अक्षर न् अक्षर जुळवलं, मगच "येस". पासवर्ड चोरणाऱ्यांमुळे ज्या गोष्टीचा जन्म झाला, तिचा हा एकच प्रश्न आपण वाचत नाही, हे मला बरं वाटलं नाही.

गुरुवार, ८ मे

घरचा पत्ता पुन्हा बदलला. कंटाळून काल रात्री सिक्युरिटी ग्रुपमध्ये पोर्ट २२ साठी ०.०.०.०/० टाकलं, म्हणजे साऱ्या जगाला दार दिसेल असं केलं. आज सकाळी ऑथ लॉग, म्हणजे आत यायला बघणाऱ्यांची नोंद, उघडला. एका रात्रीत "इनव्हॅलिड यूजर"च्या अकराशेवर ओळी. अॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस, अशी नावं घेऊन कोण कुठून दार वाजवत होतं. आमच्या वाचनालयावर कुणाचा डोळा नाही. ही यंत्रं इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता वाजवत फिरतात. पण त्या ओळी वाचताना छातीत धडधडलं हे खरं.

विचार केला : माझा पत्ता बदलतो, काकांचाही बदलणार. पत्त्यावर बंधन घातलं तर ऐन गरजेच्या वेळी आपणच बाहेर राहू. तेव्हा दार दिसू दे, पण उघडेल ते किल्लीनेच. पासवर्डने प्रवेश बंद आहे ना हे सेटिंगच्या फाइलवरून ठरवलं नाही, कारण उबुंटूत मुख्य फाइलबरोबर आणखी तुकडे जोडलेले असतात आणि ज्याचा उल्लेख आधी येतो तो चालतो. "एसएसएचडी" या एसएसएचच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमला मोठ्या "टी"चा पर्याय देऊन विचारलं की तो प्रत्यक्षात काय मानतो ते छापून देतो. "पासवर्ड ऑथेंटिकेशन नो" दिसलं. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, प्रवेशही पूर्ण बंद केला. फेल२बॅन बसवलं, पाच चुकीचे प्रयत्न झाले की तो पत्ता दहा मिनिटं बाहेर.

रविवार, ११ मे

दिवसभर डेटाबेस. जुनी नावं युनिकोडआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. ती बदलून घेताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी दोन्ही जागा सोडून बसले. त्यावर वेगळ्या वहीत लिहिते. पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि पायथनमधला छोटा कॅटलॉग चालू झाला. वेबसाइटच्या सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं, ९० दिवसांचं, आपोआप नवं होणारं. वेबसाइटसाठी पोर्ट ८० आणि ४४३ उघडले. इथे काही अडलं नाही.

गुरुवार, १५ मे

सकाळच्या लोकलमध्ये फोनवरून सर्व्हरवर गेले, पुस्तकांचं आयात करणं चालू केलं. कुर्ल्याच्या गर्दीत फोनने वाय-फायवरून मोबाइल नेटवर्कवर उडी मारली आणि सत्र तुटलं. एसएसएचची जोडणी दोन्हीकडच्या आयपी पत्त्यांना आणि पोर्टांना बांधलेली असते. एक बदलला की ती गेली. तिच्याबरोबर चालू असलेलं आयातही गेलं, अर्ध्यावर.

आता कुठलंही लांबलचक काम टीमक्समध्ये. तो सर्व्हरवरच बसतो, आपण निघून गेलो तरी काम चालू ठेवतो, आणि परत आल्यावर जिथे होतं तिथून दाखवतो. संध्याकाळी परतताना पुन्हा लावलं. दादरला तुटलं, घाटकोपरला परत जोडलं, आकडा पुढे सरकलेला होता.

शनिवार, १७ मे

सर्व्हर थांबवून पुन्हा चालू केला तर सार्वजनिक आयपी बदलतो. स्थिर पत्ता घेतला, त्याला तिथे इलॅस्टिक आयपी म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून अॅमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला ०.००५ डॉलर घेते, स्थिर असो की नसो. महिन्याला साडेतीन डॉलरच्या थोडं वर. समितीला दाखवायच्या हिशोबात वेगळी ओळ घातली.

रविवार, १८ मे

आजचा दिवस काकांच्या किल्लीचा. माझ्या मते सगळ्या प्रकल्पात हेच काम सगळ्यांत मोठं. सर्व्हर चालतोय, पण आत जाऊ शकणारी मी एकटीच. म्हणजे यादी एका डब्यातून काढून एका माणसात ठेवल्यासारखं झालं. मी आजारी पडले, गावाला गेले, तर?

काकांच्या लॅपटॉपवर विंडोज आहे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएच आतच असतं, वेगळं काही बसवावं लागलं नाही. किल्ली त्यांनी स्वतः बनवली, गिरगावात, स्वतःच्या घरी; मी फोनवर होते. म्हटलं, "काका, दोन फाइली तयार होतील. जिच्या शेवटी पब आहे तेवढी मला पाठवा. दुसरी कुणालाही नाही, मलासुद्धा नाही."

व्हॉट्सअॅपवर फाइल आली. उघडली तर पहिली ओळ : बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की.

त्यांची चूक नव्हती. विंडोज ओळखीच्या फाइलींचं शेपूट लपवतं. त्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट पब्लिशर असल्यामुळे "पब" हे शेपूटही ओळखीचं ठरलं आणि लपलं. दोन्ही फाइलींचं नाव अगदी सारखं दिसत होतं, एकीवर फक्त पब्लिशरचं चिन्ह. त्यांनी चिन्ह नसलेली "साधी" निवडली. मी आधी सांगायला हवं होतं.

"मग आता ही पुसून टाक की," काका म्हणाले.

"नाही काका. एकदा बाहेर गेलेली किल्ली बाहेरच गेली. कुलूपच बदलू या."

त्यांनी पुन्हा बनवली, न कुरकुरता. या वेळी आली ती एकच ओळ, ईडी२५५१९ च्या नावाने सुरू होणारी, मधे ६८ अक्षरांचा पट्टा, शेवटी त्यांच्या लॅपटॉपचं नाव. त्यांच्यासाठी सर्व्हरवर वेगळं खातं केलं. तरी "परमिशन डिनाइड". कारण किल्लीचं फोल्डर मी सुडोने, म्हणजे रूटच्या अधिकाराने, बनवलं होतं आणि त्याचा मालक रूट राहिला होता. काकांच्या नावाने उघडायला गेल्यावर सर्व्हरलाच ती फाइल वाचता येत नव्हती. मालक बदलला, फोल्डरला ७००, फाइलला ६००.

रात्री ९.४० ला काका आत आले. "हूअॅमआय" टाइप करायला सांगितलं. सर्व्हरने त्यांचं नाव छापलं. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग म्हणाले, "म्हणजे मी आता गिरगावात नाही तर."

त्यांना सुडोने दोनच गोष्टी करता येतील असं लिहून दिलंय : कॅटलॉग पुन्हा चालू करणं आणि बॅकअप घेणं.

बुधवार, २१ मे

माझी मोठी चूक. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपची किल्ली घालायची होती. ऑथराइज्ड कीजच्या फाइलला जोडताना >> ऐवजी > टाइप झालं. एक बाण कमी, आणि जुन्या सगळ्या किल्ल्या पुसून एकच उरली. तीसुद्धा पेस्ट करताना मधे तुटून दोन ओळींत गेलेली. म्हणजे एकही चालणारी किल्ली नाही.

वाचले ते एका सवयीमुळे : चालू सत्र बंद केलं नव्हतं. किल्ली आत शिरतानाच विचारली जाते, आत असलेल्याला बाहेर काढत नाही. त्याच खिडकीतून माझी जुनी किल्ली परत घातली, दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन बघितलं, मगच पहिली बंद केली. दाराला हात लावायचा असेल तर एक खिडकी उघडी ठेवायची, हे काकांच्या कागदावर लाल पेनने.

रात्री अॅमेझॉनचा सेशन मॅनेजरही लावला. त्यात सर्व्हर स्वतः बाहेर जोडणी करतो, आत येणारं पोर्ट लागत नाही. एसएसएचची सगळी दारं बंद झाली तर हा जिना.

शनिवार, २४ मे

आजपासून देवघेव नव्या यादीवर. देवघेव बघणाऱ्या ताईंनी टेबलावर पहिलं पुस्तक नोंदवलं. जुना कॉम्प्युटर चालू ठेवलाय, फक्त वाचण्यापुरता. रोज रात्री दोनला बॅकअप लावला.

सोमवार, २६ मे

मान्सून आज मुंबईत आला. नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी. मुंबईच्या नोंदीतलं हे सगळ्यांत लवकरचं आगमन, असं हवामान खात्याने जाहीर केलं. आम्ही ५ जून धरून बसलो होतो.

सकाळी लोकल विक्रोळीच्या पुढे थांबली ती थांबलीच. फोनला रेंज येत-जात होती. सव्वानऊला रेंज आली तेव्हा काकांचे चार मिस्ड कॉल. त्यानंतरचा मेसेज तेवढा वाचला :

"वाचनालयात घोट्याभर पाणी. लाइट बंद. ताई आत गेल्या नाहीत, ठीक आहेत. आज कुणी पुस्तक परत करू शकणार नाही म्हणून सगळ्यांची मुदत वाढवायची होती. कॅटलॉग उघडत नव्हता. तू लागत नव्हतीस. कागद बघून आत गेलो. स्टेटस लाल. रीस्टार्ट केलं. हिरवं. बॅकअप घेतला. मुदत २ जूनपर्यंत वाढवली."

दोनदा वाचला. डब्यातल्या गर्दीत शेजारच्या बाईंना काय झालं ते कळेना, मी त्यांना सांगितलंही.

मंगळवार, २७ मे

कारण सापडलं. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये सोमवारी सकाळी ७.३१ ला "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस", आणि मारलेला प्रोसेस म्हणजे आमचा कॅटलॉग.

७.३१ का? बॅकअप मी दोनला लावला होता, पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. यूटीसीचे दोन म्हणजे आपले साडेसात. त्याच सुमाराला उबुंटूची रोजची पॅकेज-तपासणी सुरू झाली. १ जीबी मेमरीत पोस्टग्रेस, कॅटलॉग, बॅकअपचं दाबून लहान करणं आणि ही तपासणी एकत्र मावली नाही. रविवारी या दोन गोष्टी एकत्र आल्या नव्हत्या, म्हणून निभावलं.

केलेलं : वेळेचा विभाग एशिया-कोलकाता केला. २ जीबीची स्वॅप फाइल घातली, म्हणजे मेमरी भरली तर डिस्कवरची जागा वापरता येते. कॅटलॉगच्या सर्व्हिसमध्ये "रीस्टार्ट ऑन फेल्युअर" लिहिलं. ते आधीच असतं तर काकांना उठावं लागलं नसतं. बॅकअपची एक प्रत आता सर्व्हरबाहेर, वेगळ्या साठवणीतही जाते.

शनिवार, ३१ मे

वाचनालय पुसून, वाळवून उघडलं. पाणी पहिल्या विटेवर चढलं होतं. जुना कॉम्प्युटर चालू होतोय, पण आतून वास येतो. त्याची डिस्क काढून कापडात गुंडाळून काकांकडे दिली. बॅकअपमधून रिकाम्या डेटाबेसमध्ये सगळं परत उभं करून पाहिलं : पुस्तकांचा आकडा जुळला, देवघेवीची शेवटची नोंद जुळली. पूर्ण व्हायला अकरा मिनिटं.

शनिवार, ७ जून

ताईंना आत यायचं होतं. मी जाणार होते, पण काका म्हणाले, "तू नको येऊस, बाळा. मी करतो, तू फक्त खातं उघडून ठेव." खातं उघडलं, ताईंची सार्वजनिक किल्ली घातली, फोल्डरचा मालक आठवणीने ताई केला.

संध्याकाळी "लास्ट" टाइप करून बघितलं, कोण कधी आत आलं ते. वरच्या तीन ओळींत माझं नाव नव्हतं. दोन काकांच्या, गिरगावातून. एक ताईंची, ५.५२ ची.